एक रुपया ऐंशी पैसे

बाबांची एक गोळी आम्हाला एक रुपया ऐंशी पैशांना पडते. गोळी आपलं सवयीने म्हणायचं. खरं तर तो ४.५ मिलिमीटरचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा असतो. तोंड चपटं, म्हणजे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं. पाचशेचा डबा नऊशे रुपयांना. भागाकार मी केला, कारण घरखर्चाची एक्सेल शीट माझ्याकडे असते. तो आकडा मी बाबांना सांगायला नको होता. त्यानंतर कितीतरी दिवस ते रेंजवरून आले की स्कोअरच्या आधी म्हणायचे, "आज एकशे आठ रुपये उडवले."

बाबा भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं होते. शेवटची पंधरा वर्षं इन्स्पेक्शनला. व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज. जॉब हातात घ्यायचा, मोजायचा, पास किंवा रिजेक्ट. २०२१ च्या मे महिन्यात, दुसरी लाट चालू असताना रिटायर झाले. निरोप समारंभ नाही, हार-नारळ नाही. गेटवर ओळखपत्र जमा केलं, घरी आले, बूट बाहेर काढले आणि थेट अंघोळीला गेले. आमच्याकडे तेव्हा बाहेरून येणारा प्रत्येक जण तेच करायचा, त्यामुळे तो दिवस काही वेगळा आहे हे आम्हा कुणाच्याच नीट लक्षात आलं नाही.

पुढचं दीड वर्ष त्यांनी माळा आवरला. चार वेळा. फॅनचे रेग्युलेटर उघडून परत बसवले. मी घरूनच काम करत होते, तर माझ्या मीटिंगमध्ये मागून जायचे, काहीच कारण नसताना, आणि माझ्या टीमला ते पाठ झाले होते. आई एकदा ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली, "ह्यांना कुठेतरी पाठव गं."

पैशाचं आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाबांची पेन्शन ईपीएस-९५ ची. तिचं सूत्र असं : पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातला पगार म्हणजे खरा पगार नव्हे. सप्टेंबर २०१४ पर्यंतच्या नोकरीसाठी तो जास्तीत जास्त साडेसहा हजार धरतात, त्यानंतरच्या नोकरीसाठी जास्तीत जास्त पंधरा हजार. शिवाय योजनाच १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, त्याआधीच्या वर्षांचे हाती लागतात ते किरकोळ पैसे. तेहतीस वर्षांचे महिन्याला साडेतीन हजार. बाबा साठ वर्षांचे झाले २०२३ मध्ये. तोपर्यंत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा पंधरावरून तीस लाख झाली होती आणि व्याज ८.२ टक्के. पीएफ-ग्रॅच्युइटीतले तीस लाख तिथे गेले. दर तिमाहीला ६१,५०० येतात. महिन्याचे साडेवीस हजार. पेन्शन धरून चोवीस. फ्लॅट स्वतःचा आहे, कर्ज फिटलंय, त्यामुळे भागतं. फक्त ते साडेवीस हजार पाच वर्षं साडेवीसच राहणार आणि शेंगदाणे राहणार नाहीत, हे मला शीटमध्ये दिसत होतं.

तर, पेन्शन घ्यायची म्हणजे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. माणूस जिवंत आहे हे मशीनवर अंगठा ठेवून सिद्ध करायचं. २०२२ च्या नोव्हेंबरात बाबा चिंचवडच्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेले आणि अंगठा लागेना. तेहतीस वर्षं लोखंड हाताळून रेषा पुसल्या गेलेल्या. दुकानातला मुलगा म्हणाला, काका, हात धुऊन या, मग तेल लावा, मग थोडं थांबा. बाबा थांबले. वरच्या मजल्यावरून आवाज येत होता. टप्. मोठी शांतता. टप्. ते जिना चढून गेले. वर दहा मीटरची एअर पिस्तूल रेंज होती. आठ लेन, आणि सगळी शाळा-कॉलेजची पोरं.

त्या दिवशी ते घरी आले ते दुपारी तीनला. जिवंत असल्याचा दाखला मिळाला का, आईने विचारलं, तर त्यांना आठवेचना. मिळाला होता. वरच्या खिशात होता.

बाबांचं बालपण कोल्हापूरकडचं. गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते, तिच्यापुढे ते दिवसभर उभे असायचे, असं आत्या सांगते. पैसे नसायचे, म्हणून दुसऱ्यांचे नेम बघायचे. कुठल्या बंदुकीची नळी कुठे वाकडी आहे हे त्यांना पाठ होतं आणि ते लोकांना सांगायचे, म्हणून शेवटी स्टॉलवाल्याने हाकलून दिलं. हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी त्यांना "लहानपणी तुम्हाला काय आवडायचं" असं कधी विचारलंच नव्हतं.

पहिलं वर्ष क्लबच्या पिस्तुलावर. शिकवणारे सर सव्वीस वर्षांचे, बाबांना "काका" म्हणायचे आणि बाबा त्यांना "सर". एका शनिवारी मीही गेले. मला वाटलं होतं, नेम धरायचा आणि मारायचं. तसं नसतं. हात सरळ ताणून दीड किलोच्या आतलं पिस्तूल एका हाताने धरायचं आणि ते हलणारच हे आधी मान्य करायचं. कुणाचंही हलतं. समोरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरायचा नाही; त्याच्या खालच्या पांढऱ्यात, साधारण एवढ्या भागात, असा धरायचा. डोळा टार्गेटवर ठेवायचा नाही. तो पिस्तुलाच्या टोकावरच्या साइटवर, म्हणजे फ्रंट साइटवर. साइट कोरीव दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. मग ट्रिगर असा दाबायचा की तो कधी सुटला हे आपल्यालाच कळू नये. मी दहा मारले. चार कागदावर लागले.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात टार्गेटचा कागद घरी आणून व्हर्निअरने मोजला होता. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर. काळा भाग ५९.५. "बरोबर छापलंय," ते समाधानाने म्हणाले, जणू काही रिजेक्ट करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं, सहाशेपैकी गुण. प्रत्येक सरावाची नोंद ते एका वहीत करतात. तारीख, दहा-दहाच्या सहा मालिका, बेरीज. शेवटच्या रकान्यात शेरा. "खांदा वर." "घाई." "चहा नको होता."

नातेवाइकांत बातमी पसरली तेव्हा पहिला प्रश्न, लायसन लागतं का. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि हे पिस्तूल पाच-सहा ज्यूलचं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता फॉरवर्ड करायला एक मेसेजच तयार ठेवलाय. दुसरा प्रश्न, ह्या वयात? त्यावर बाबा चंद्रो तोमर यांचं नाव घ्यायचे. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या. साठी ओलांडल्यावर नातीला रेंजवर सोडायला गेल्या आणि स्वतःच शिकल्या. मग २०२४ चं पॅरिस ऑलिम्पिक आलं आणि तुर्कस्तानचा तो एक्कावन्न वर्षांचा युसुफ दिकेच व्हायरल झाला. साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात, मिश्र सांघिक रौप्य. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी बाबांना टॅग केलं. बाबा चिडले. "हात खिशात स्टाइलसाठी नाही घातलेला. मोकळा राहिला तर अंग हलतं. सगळेच घालतात." त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला मुलगा. बाबांनी टीव्हीसमोर उभं राहून फायनल पाहिली, बसलेच नाहीत.

पण ह्याच्याही आधी, २०२३ च्या दिवाळीत, घरात भांडण झालं होतं. क्लबमधली एक मुलगी शिकायला परदेशी चालली होती, तिचं पिस्तूल विकायला काढलं होतं. परदेशी बनावटीचं, वापरलेलं, एक लाख पाच हजार. नवं घेतलं तर जवळपास दुप्पट. बाबांनी चार दिवस काहीच सांगितलं नाही, मग जेवताना सांगितलं.

आई म्हणाली, "एवढ्यात आपण दोघं चारधाम करून येऊ."

बाबा म्हणाले, "जाऊ की, तेही जाऊ."

"कशातनं?"

आणि मग आई जे बोलली ते मला अजून आठवतं. ती ओरडली नाही. "तुमचं रिटायरमेंट झालं, छान झालं. माझं कधी आहे? तारीख सांगा, मीपण काहीतरी शिकायला जाते."

कुणीच काही बोललं नाही. मीही नाही, कारण माझ्या ताटातली पोळी तिनेच दोन मिनिटांपूर्वी वाढलेली होती. पिस्तूल आलं, ग्रॅच्युइटीतल्या उरलेल्या पैशातून. पण त्या दिवाळीपासून रात्रीची भांडी बाबा घासतात आणि रविवारचा स्वयंपाक बाबा आणि मी मिळून करतो. आई रविवारी सकाळी भजनाला जाते आणि दुपारी जेवायच्या वेळेलाच येते. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. आईही म्हणत नाही.

स्वस्तात घेतलेल्या पिस्तुलाचं एक असतं. त्याच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बनल्यापासून दहा वर्षं, मग तो बदलायचा. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. आमच्याची दीड वर्षच उरली होती. विकणाऱ्या मुलीने सांगितलं नव्हतं असं नाही, बाबांनीच आम्हाला सांगितलं नव्हतं. पंधरा हजारांच्या पुढचा खर्च. मी शीटमध्ये रकाना केला : "सिलिंडर". आईने तो वाचला आणि म्हणाली, गॅस महागला की काय.

माझ्याच वयाच्या वाचकांना माहीत असेल, आमच्या पिढीला लवकर रिटायर व्हायचं वेड आहे. ऑफिसात जेवताना मुलं फंडाबद्दलच बोलतात. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा आणि सुटा. ह्यामागे विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराचा १९९४ चा हिशेब आहे : पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढा, मग महागाईप्रमाणे वाढवत न्या, तीस वर्षं पुरेल. तिथले शेअर, तिथले रोखे, तिथली महागाई. माझीही एक शीट होती. पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळं व्हायचं. त्यात भाडं, औषधं, विमा, एक ट्रिप, सगळं होतं. मोकळं होऊन मी दिवसभर करणार काय, त्याचा रकाना नव्हता. बाबांच्या शीटमध्ये मात्र होता : क्लब २,५००, छर्रे १,४००, पेट्रोल ४००. चोवीस हजारांपैकी ४,३००. अठरा टक्के. कुठल्याही सल्लागाराने त्यावर लाल रेघ मारली असती. मीही एकदा मारली होती, पिवळी.

२०२५ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, दोन अनोळखी चेहरे, आणि कॉल संपायच्या आत लॅपटॉप लॉक. दोन महिन्यांचा पगार हातात होता, म्हणजे उपाशी मरणार नव्हतो, पण मी घरात महिन्याला पंधरा हजार देत होते ते थांबले. मी आईबाबांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं, "तुझं काम रिजेक्ट केलं की पोस्टच?" मी म्हटलं, पोस्ट. "मग ठीक आहे," ते म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे मी माझ्याच नादात होते. अर्ज, मुलाखती, रात्री तीनला लिंक्डइन. बाबा मंगळवार-गुरुवार-शनिवार घरी आहेत हे मला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. ऊन फार आहे म्हणून जात नसतील. एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस चार्जर शोधायला त्यांच्या खोलीत गेले. कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर मध्यभागी काळं वर्तुळ. छोटं. एक रुपयाच्या नाण्याहून लहान. समोर फरशीवर खडूची रेघ. मी रेघेपासून भिंतीपर्यंत पावलं मोजली. तीन मीटर.

दहा मीटरवरचं ५९.५ चं वर्तुळ तीन मीटरवरून तेवढंच दिसायला हवं असेल तर १७.८५ मिलिमीटर हवं. त्यांच्याच व्हर्निअरने मी मोजलं. १७.९ भरलं.

वही टेबलावर होती. मार्चपासून मालिकांचे रकाने कोरे. रोजची तारीख आणि पुढे एकच ओळ : "कोरडा ४०." छर्रा न भरता चाळीस वेळा उचलायचं, धरायचं, दाबायचं. ह्याला ड्राय फायर म्हणतात, मोठे खेळाडूही करतात, त्यात शरम वाटण्यासारखं काही नाही. पण मोठे खेळाडू क्लबची फी वाचवायला करत नसावेत. शेऱ्याच्या रकान्यात एका दिवशी लिहिलं होतं, "मुलाखत होती तिची. आवाज नको म्हणून केलं नाही." ट्रिगरचा जो काही बारीक टक् आवाज होतो, तेवढाही.

मी वही तशीच ठेवली. संध्याकाळी मात्र राहवलं नाही.

"बाबा, क्लब कधी सोडलात?"

"सोडला नाही. सरांना सांगितलंय, उन्हाळ्यात येत नाही म्हणून."

"मी विचारलंय का पैशाचं? माझ्याकडे आहेत अजून."

"तुझे तुला लागतील."

"चार हजार रुपयांनी काय होणार आहे?"

"तेच म्हणतोय ना मी," बाबा म्हणाले. "चार हजारांनी काय होणार आहे. नाही गेलो दोन महिने तर काय होणार आहे." आणि भांडी घासायला उठले.

मी खूप वेळ तिथेच बसले होते. मला राग आला होता, आणि तो बाबांवर नव्हता. ती पिवळी रेघ शीटमध्ये अजून होती आणि शीट बाबांच्या मोबाईलवरही शेअर केलेली होती.

नोकरी जूनमध्ये लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. पहिल्या पगारातून मी छर्‍यांचे चार डबे आणले. बाबांनी ते उघडून पाहिले, बॅच नंबर एकच आहे ना ते तपासलं, आणि डब्यांचे पैसे मला परत देऊ केले. आमची त्यावर झटापट झाली, शेवटी दोन डब्यांचे घेतले. जुलैत रेंजवर पहिल्या दिवशी ५२९. आधीचा सर्वोत्तम ५३६. सर म्हणाले, काका, चार महिने न मारता एवढं कुणाचं राहत नाही. बाबा म्हणाले, "मारत होतो की. पोचत नव्हतं, एवढंच."

आता डोळ्याचं. गेल्या पावसाळ्यात त्यांना उजव्या डोळ्याने फ्रंट साइट दुहेरी दिसायला लागली. मोतीबिंदू. नेमका नेमाचा डोळा. डॉक्टरबाईंनी समजावलं : आतली गढूळ भिंग काढून नवी बसवायची, साधी असेल तर ती एकाच अंतराला पक्की बसते. बहुतेक लोक लांबचं घेतात, वाचायला चष्मा लावतात.

बाबांनी विचारलं, "मधलं मिळेल का? हाताच्या अंतराचं?"

त्यांनी कारण विचारलं. बाबांनी उभं राहून हात ताणून दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काका, त्याला डोळा कशाला बदलायचा? लांबचं बसवू, आणि नेमबाजीसाठी अर्ध्या-पाऊण नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

"त्या चष्म्याची फ्रेम केवढ्याला येते माहितीये का तुम्हाला?" बाबा म्हणाले.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

मग दोघांचं वीस मिनिटं चाललं. अर्धा नंबर जवळचा ठेवला तर साइट बरी दिसेल, टार्गेट फार जाणार नाही, स्कूटर चालवताना मात्र चष्मा लागेल. बाबांनी विचारलं, टॉलरन्स किती? डॉक्टरबाईंना आधी कळलं नाही. मग म्हणाल्या, अर्धा नंबर इकडे-तिकडे होऊ शकतं, गॅरंटी देता येत नाही. बाबा विचारात पडले. आमच्याकडे एवढा असता तर लॉटच परत गेला असता, असं ते नंतर रिक्षात म्हणाले.

तरी अर्धा नंबरच ठरला. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा खोलीत आम्ही तिघं आणि एक सिस्टर. बाबांनी डावा डोळा हाताने झाकला, उजवा हात समोर ताणला आणि अंगठा वर केला.

"नख दिसतंय," ते म्हणाले. "कड दिसतेय नखाची."

"आणि मागचं कॅलेंडर?" मी विचारलं.

"जरा धूसर आहे."

आई कॅलेंडरच्या बाजूलाच उभी होती. "म्हणजे मीपण धूसर?"

बाबांनी हात खाली घेतला, थोडा विचार केला, आणि तिला म्हणाले, "एक पाऊल पुढे ये."